परत आलेला संगणक

बालमित्रांनो, काटकसर हा मोठा गुण आहे यात शंका नाही. परंतु कमी दाम देणे आणि काटकसर करणे या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. हा भेद ज्यास उमगला, तो बाजारात सहसा फसत नाही. एका संगणकाच्या खरेदीवरून आपण तो समजून घेऊ.

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण हा पुण्यालगतचा प्रदेश कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी औषध कंपनीची स्थापना झाली. पुढे वाहने व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने वाढत वाढत चाकणपर्यंत पोहोचले. या कारखान्यांतील एक रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तपासणीत नापास झालेला भाग लाल पेटीत वेगळा ठेवतात. दोष कोणता हे शोधून, तो दूर करून, पुन्हा मोजमाप घेतल्यावाचून तो भाग पुढे जात नाही.

अशाच एका कारखान्यातील कामगाराचे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. मुलगा बारावीत, मुलगी सातवीत. दोघांच्या अभ्यासासाठी एक लॅपटॉप हवा. नव्याची किंमत ४०,००० रुपये आणि दिवाळीच्या बोनसातून हाती आहेत ३२,००० रुपये. एका दुकानात परत आलेले दोन लॅपटॉप होते. एक ३०,००० रुपयांना, दुसरा २५,००० रुपयांना. वडिलांची दृष्टी साहजिकच दुसऱ्याकडे वळली.

तोच मुलीने विचारले, “काका, हे दोन्ही परत का आले?”

प्रश्न लहान, पण मोलाचा होता. वस्तू अनेक कारणांनी परत येतात. कोणी खोके उघडतो आणि पडदा लहान वाटला म्हणून ती परत करतो. कधी वाहतुकीत ओरखडा पडतो. कधी यंत्रातच दोष निघतो व निर्माता तो दुरुस्त करतो. तर कधी एखादी कचेरी कित्येक वर्षे वापरलेली यंत्रे काढून टाकते. सवलत तीच दिसली, तरी या चौघांची योग्यता सारखी नसते.

पहिल्या लॅपटॉपचे कारण बिलावर लिहून मिळणार होते : ‘ग्राहकाने पडदा लहान म्हणून परत केला, निर्मात्याने तपासला, हमी सहा महिने.’ दुसऱ्याविषयी दुकानदार म्हणाले, “अहो, कचेरीतला माल आहे. स्वस्त मिळतो आहे ना? मग बिल कशाला हवे?”

मुलाने दोन्ही यंत्रे चालवून पाहिली. कळफलकाची प्रत्येक कळ दाबली, पडद्यावर डाग आहेत का ते पाहिले, आधीच्या मालकाचे खाते व परवलीचा शब्द पुसला आहे की नाही हे तपासले. दुसऱ्याची बॅटरी तासाभरात संपली. वापराने व वयाने बॅटरीची शक्ती घटतच जाते. शिवाय त्यावर विंडोज १० होते आणि त्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नव्हते. विंडोज १० साठी नियमित सुधारणा पुरविणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले आहे.

मुलीने वहीत हिशेब मांडला. नवी बॅटरी ४,००० रुपयांची. म्हणजे २५,००० चे झाले २९,०००. ज्या बचतीचा आकडा ५,००० दिसत होता, ती उरली अवघी १,००० रुपयांची. आणि तिच्यासाठी बिल व हमी दोन्ही सोडावी लागणार होती! वडील हसून म्हणाले, “आमच्याकडे कारण लिहिलेले नसेल, तर भाग लाल पेटीतच राहतो.” त्यांनी पहिला लॅपटॉप घेतला.

बिल मागणे म्हणजे दुकानदाराचा अपमान नव्हे; तो ग्राहकाचा हक्क आहे. या हक्कांसाठी १९७४ साली पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० पासून लागू आहे. बिल न देणे, तसेच जुनी वा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे, या त्यानुसार अनुचित प्रथा ठरतात. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

मुलांनो, परत आलेली वस्तू म्हणजे टाकाऊ वस्तू नव्हे. संगणक घडविण्यात धातू, पाणी, वीज आणि अनेकांचे श्रम खर्ची पडतात. चांगले यंत्र केवळ संशयापोटी नाकारणे हीही उधळपट्टीच होय. मात्र ती का परत आली हे कळल्यावाचून तिची खरी किंमत कळत नाही. म्हणून दाम विचारण्यापूर्वी कारण विचारा, आणि पैसे मोजण्यापूर्वी हिशेब मांडा.

स्वाध्याय
१. दुसऱ्या लॅपटॉपची बचत १,००० रुपयांवर कशी आली, ते लिहा.
२. कारखान्यातील कोणती रीत वडिलांना उपयोगी पडली?
३. तुमच्या घरी आलेल्या एखाद्या वस्तूचे बिल मिळवा व त्यावरील हमीचा मजकूर वहीत उतरवा.