कुत्र्यांचा वारंवार उलटणारा त्वचारोग

पावसाळा लागला की पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्वचारोगाची कुत्री वरचेवर येऊ लागतात. "इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या, बरा झाला, पण महिन्याभरात पुन्हा तेच," ही मालकांची नेहमीची तक्रार असते. काही जण कंटाळून राखणीचा इमानी कुत्रा दूर कोठेतरी सोडूनही देतात. वस्तुतः औषधाने आपले काम केलेले असते. रोगाचे मूळ मात्र तसेच राहिलेले असते.

पोटावर व जांघेत पुटकुळ्या येणे, त्या फुटून कडेने कोंड्याची गोल चकती उमटणे आणि केस झडणे ही जीवाणूजन्य रोगाची लक्षणे होत. या चकतीस गजकर्ण समजून मलम लावण्याची चूक फार होते. २००५ साली स्वतंत्र जात म्हणून ओळखला गेलेला स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जीवाणू बहुधा यास कारण असतो. तो निरोगी कुत्र्याच्या नाकातोंडातही वास करतो. कातडीचे संरक्षण दुबळे झाले म्हणजेच तो बळावतो. म्हणून ते दुबळे कशाने झाले, हे शोधणे अगत्याचे आहे.

पहिला संशय पिसवांचा घ्यावा. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या सुमारे ५ टक्केच असतात. उरलेली अंडी, अळ्या व कोश गोणपाटात, ओटीच्या कोपऱ्यात आणि जमिनीच्या भेगांत असतात. नुसत्या कुत्र्यास औषध लावून भागत नाही. गोणपाट उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात टाकावे, जागा वरचेवर झाडावी व घरातील सर्वच कुत्र्यामांजरांवर उपचार करावा. मात्र पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजरास कधीही लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते.

लूत दोन प्रकारची असते. एक माणसासही खाज आणते, दुसरी आणत नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तिचा उलगडा बहुधा होतो. ही तपासणी होण्यापूर्वी खाज थांबविणारी स्टेरॉइडची गोळी परस्पर देऊ नये, कारण दुसऱ्या प्रकारची लूत तिने चिघळते. जळके इंजिन ऑइल, रॉकेल व फिनेल हे उपाय तर विषारीच आहेत. कुत्रा अंग चाटतो हे विसरले जाते.

वरवरच्या रोगात क्लोरहेक्सिडीनचा शांपू पुष्कळदा पुरेसा होतो. आठवड्यातून २ ते ३ वेळा, फेस १० मिनिटे अंगावर ठेवून मग धुवावे व कातडी पूर्ण कोरडी करावी. घाईने धुतल्यास गुण येत नाही. प्रतिजैविके दिली असल्यास वैद्याने ठरविलेल्या दिवसापर्यंत द्यावी आणि फेरतपासणीस यावे. मागील खेपेच्या उरलेल्या गोळ्या वापरल्याने औषधास न जुमानणारे जीवाणू वाढतात. पूर्वी लागू पडलेले औषध निरुपयोगी ठरत असेल, तर पुवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणते औषध चालेल हे ठरवावे लागते.

पशुपालकांनी घरी एक टिपण ठेवावे: रोग कोणत्या महिन्यात उलटला, आधी खाज आली की पुटकुळ्या, आणि पुटकुळ्या गेल्यावर खाज राहिली का. खाज राहिली तर पिसवा, लूत किंवा ॲलर्जी यांचा शोध घेतला जातो. खाज मुळीच नसताना रोग उलटत असेल, विशेषतः कुत्रा वयस्क व सुस्त असेल, तर थायरॉइड ग्रंथीसाठी रक्ततपासणी करण्याची वेळ येते.