परिचारिका विद्यार्थिनी आणि किशोरवयीनांची सेवा

आपल्या समाजातील भगिनी मोठ्या उमेदीने परिचर्येचे शिक्षण घेतात. जी.एन.एम.चा अभ्यासक्रम आंतरवासितेसह तीन वर्षांचा असून त्यात वॉर्डाबरोबर गावपातळीवरील कामही करावे लागते. हे काम केवळ वही भरण्यापुरते उरू नये, यासाठी हे टिपण.

10 ते 19 वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झाला. या वयाच्या सल्ला केंद्रांना महाराष्ट्रात 'मैत्री' हे नाव मिळाले. हा शब्द आपणास परका नाही. तथापि, एकट्या दवाखान्याने हे काम होत नाही. लोहाची साप्ताहिक गोळी शाळेत शिक्षक देतात, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडी सेविका देते. सिंदखेडराजा वा लोणारकडील एखादी मुलगी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली की दोघांच्याही यादीतून निसटते. विद्यार्थिनीने हजर मुलींपेक्षा गैरहजर नावे आधी वाचावीत.

खरी कसोटी पुढे आहे. समजा, गरोदर मातांच्या तपासणीत कार्डावर वय 19 लिहिले आहे आणि शाळेचा दाखला 16 सांगतो. सासू म्हणते, "बाई, लिहून टाका." अशा वेळी काय करावे? बालविवाहाची बाब ग्रामीण भागात ग्रामसेवकाकडे, प्रतिबंध अधिकारी म्हणून जाते. शिवाय 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. लग्न झाले म्हणून सूट नाही. कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. 'मी तर शिकाऊ' हे उत्तर चालत नाही. विद्यार्थिनीने त्याच दिवशी आपल्या शिक्षिकेस व वैद्यकीय अधिकाऱ्यांस सांगावे आणि खबर पोहोचली का, याची खात्री करावी. पुढे पोलीस 24 तासांत बाल कल्याण समितीस कळवितात.

अडचण अशी की, नवरा तुरुंगात जाईल या भीतीने मुलगी पुन्हा दवाखान्यात येतच नाही, आणि कोवळ्या वयात रक्तक्षय व वाढता रक्तदाब जिवावर बेततो. म्हणून कोणते बोलणे गुप्त राहील आणि कोणते कळवावेच लागेल, हे मुलीला बोलते करण्यापूर्वीच सांगावे. बसस्टँडवर, मैत्रिणींत तिचे नाव काढू नये. ठरल्या तारखेस ती आली नाही, तर आशा सेविकेबरोबर तिच्या घरी जाऊन रक्तदाब मोजावा. पोलिसांत नोंद झाली तरी तपासणी सुरूच राहते.