टेस्ट रिपोर्टवर सही कोणाची?

‘महावितरणमध्ये लागेल ना?’ मुलाला आयटीआयत वीजतंत्री किंवा तारतंत्री, म्हणजे आपल्या भाषेत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, या ट्रेडला घालणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. बऱ्याचदा शेवटचाही. प्रश्नात गैर काही नाही. महावितरणने 2019 मध्ये विद्युत सहायकांच्या 5,000 जागा काढल्या, त्यानंतर 2023 च्या जाहिरातीत 5,347. पहिली तीन वर्षं मानधनावर, महिना 15 हजारांपासून 17 हजारांपर्यंत, आणि मग तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. पण या दोन जाहिरातींमधलं अंतर बघा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांतून दरवर्षी जी पोरं या दोन ट्रेडमधून बाहेर पडतात, ती सगळी जाहिरातीची वाट बघत बसली तर उमेदीची वर्षं त्यातच जातील.

आणि बसतातही. आयटीआयचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फोल्डर कपाटात, आणि पोरगं कुणा ठेकेदाराच्या हाताखाली भिंतीला खाचा मारतंय, असं चित्र संगमनेरपासून शेवगावपर्यंत कुठेही दिसेल. काम वाईट नाही, त्यातूनच हात बसतो. वाईट हे की पाच वर्षांनीही ते तिथंच असतं, कारण सर्टिफिकेटच्या पुढं आणखी तीन कागद असतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते कागद कशासाठी लागतात हे आधी समजून घ्या. घरातला बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला कुणाचीही आडकाठी नाही. पण नवं वायरिंग करायचं, जुन्यात भर घालायची, फेरफार करायचा, तर ते काम सरकारमान्य विद्युत ठेकेदारानेच घ्यावं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावं आणि हात लावणाऱ्याकडे परमिट असावं, असा आपल्याकडचा नियम आहे. हे आजचं नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत ते होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांत आलं आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या विनियमांतही कायम आहे. इंग्लंडमध्ये घरातलं वायरिंग इमारत नियमावलीच्या कक्षेत आलं ते 2005 मध्ये. म्हणजे नियमाच्या बाबतीत आपण मागे नाही. अंमलाचं म्हणाल तर तो विषय काढू नये.

तरीही एका ठिकाणी हा नियम प्रत्येकाला गाठतोच. नवं घर बांधलं, वीजजोडणीसाठी महावितरणकडे अर्ज केला, की वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट मागतात. त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही आणि शिक्का लागतो. आता होतं काय, की वायरिंग केलेलं असतं गावातल्या हुशार पण बिनपरवान्याच्या वायरमनने. मग तो तालुक्याच्या गावी जातो, परवानाधारकाला पैसे देतो आणि सही घेऊन येतो. ज्याने सही केली त्याने घर पाहिलेलंही नसतं. ही सरळसरळ लबाडी आहे, आणि उद्या त्या घरात काही घडलं तर कागदावर नाव सही करणाऱ्याचं निघतं. पण करिअरच्या अंगानं बघितलं तर यातून एक गोष्ट उघड होते. राबणारे हात गावात भरपूर आहेत, सही करू शकणारे मोजके. तुमच्या मुलाला त्या मोजक्यांत जायचं आहे, फक्त घर तपासून सही करणारा म्हणून.

वाट तीन पायऱ्यांची आहे. आयटीआयनंतर अनुभव गाठीला बांधून पहिल्यांदा तारतंत्रीचं परमिट. मग पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र, ज्यासाठी विद्युत डिप्लोमा असेल तर वाट जवळची होते. आणि शेवटी विद्युत ठेकेदाराचा परवाना, ज्यात चाचणीची उपकरणं आणि पात्र माणसं दाखवावी लागतात. हे सगळं राज्याच्या ऊर्जा विभागातल्या विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडून आणि अनुज्ञापक मंडळाकडून मिळतं. अनुभवाची वर्षं, फी, परीक्षा लागते की सूट मिळते, या अटी बदलत राहतात. त्यामुळे शेजारच्या पोरानं चार वर्षांपूर्वी काय केलं ते न विचारता विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन चालू नियम विचारा. एजंटाला पैसे मोजू नका, अर्ज तुमचा मुलगा स्वतः भरू शकतो. भरता आला नाही तर पुढं ठेकेदारी कशी करणार?

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: कामाची वही. कुठल्या गावात, कुणाच्या हाताखाली, किती पॉइंटचं काम, कोणत्या तारखा. ज्याच्याकडे काम केलं त्या परवानाधारकाकडून अनुभवाचा दाखला तेव्हाच्या तेव्हा लिहून घ्या. दोन वर्षांनी मागायला गेलात तर तो ओळखही दाखवत नाही. ॲप्रेंटिसशिप मिळाली तर सोडू नका. विद्यावेतन कमी वाटेल, पण तो अनुभव कागदावर असतो. अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीत, सुप्यात आणि साखर कारखान्यांत चौकशी करत राहा.

आता कामाविषयी. परमिट असलेला आणि नसलेला यांत फरक काय, तर तो भिंतीच्या आत असतो आणि घरमालकाला दिसत नाही. बटण फेजवर घ्यायचं असतं. घाईत कुणी ते न्यूट्रलवर घेतलं, तरी दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक वाटतं. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये करंट जिवंत राहतो, आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. गीझरला चार चौरस मिलिमीटरची वायर लागेल तिथं अडीचची ओढली, एमसीबी वारंवार पडायला लागला, म्हणून 16 चा काढून 32 चा बसवला, हा तर रोजचा प्रकार. एमसीबी पडायचा थांबतो आणि वायर तापायला लागते. काम संपल्यावर 500 व्होल्टचा मेगर लावून इन्सुलेशनचा रोध किमान एक मेगाओम आहे का बघायचं असतं. हे करायला काही मिनिटं लागतात, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत.

अर्थिंगचं तर आपल्या जिल्ह्यात वेगळंच गाऱ्हाणं आहे. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते. पावसाळ्यात चांगलं दाखवणारं अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरतं उरतं, कारण कोरडी माती करंट जमिनीत उतरू देत नाही. खड्ड्यात पाणी घालत राहावं, रोध मोजावा, हे मालकाला पटवून देणं हाही कामाचाच भाग. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर गळती होताच लाईन तुटते आणि माणूस वाचतो. ‘अर्थची हिरवी वायर नुसती लोंबतेय, तरी घर चालतंय की’ असं म्हणणाऱ्या मालकाला शांतपणे नाही म्हणता यावं, इतका विश्वास मुलात यायला हवा. तो विश्वास शिक्षणानं येतो, आणि थोडा परमिटानंही.

काम कुठून मिळेल, याची चिंता नको. श्रीरामपूरला मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था 1969 ला उभी राहिली. देशात सुरुवातीला प्रयोग म्हणून उभारलेल्या पाच ग्रामीण वीज संस्थांपैकी ती एक होती, आणि 2011 ला तिचं क्षेत्र महावितरणकडे गेलं. अशा पट्ट्यांत वीज लवकर आली, म्हणजे घरातलं वायरिंगही जुनं. दोन दिवे आणि एक पंखा एवढ्या हिशोबानं केलेल्या पट्टी फिटिंगवर आता फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन चालतंय. ती घरं नव्यानं वायरिंग करून घ्यावीच लागणार. शहरांतल्या नव्या इमारतींना 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि विजेच्या कामासाठी ती राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखवते. छतावरच्या सौरऊर्जेला फेब्रुवारी 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेनं जोर आला. तीन किलोवॉटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं. पॅनेल बसवणारे बरेच आहेत, पण त्याचं अर्थिंग आणि वायरिंग नीट करणारा शोधावा लागतो.

आयांची भीती मला ठाऊक आहे: ‘करंट लागला तर?’ भीती खोटी नाही. 6 नोव्हेंबर 2021 ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, किमान 11 रुग्ण गेले, आणि पहिला संशय शॉर्टसर्किटवर गेला. पण धोक्याचं काम म्हणजे न शिकता केलेलं काम. लाईन बंद करून, टेस्टरनं खात्री करून, रबरी तळाचे बूट घालून काम करणारा मुलगा मोटारसायकलवरून फिरणाऱ्या मुलापेक्षा जास्त धोक्यात असतो असं मला वाटत नाही. मुलींनाही हेच लागू. आयटीआयत त्यांच्यासाठी जागा राखीव असतात, त्या रिकाम्या जाऊ देऊ नका.

‘आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं’ ही समजूतही सोडा. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे, आणि डिप्लोमा झाला की पर्यवेक्षकाची पायरी सोपी होते. महावितरणची जाहिरात आली तर अर्ज जरूर भरा. तोवर परमिट हातात असू द्या.

प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना एक लक्षात ठेवा. वीजतंत्रीसाठी झुंबड असते आणि गुणांची यादी वर चढते. तिथं नंबर लागला नाही म्हणून मुलाला भलत्याच ट्रेडला ढकलू नका, पुढच्या पसंतीला तारतंत्री लिहा. तोही दोन वर्षांचाच आहे, परमिटसाठी चालतो आणि विद्युत सहायकाच्या भरतीतही धरला जातो.