इंग्रजीतला आरोप

प्रथम वर्षाला असताना ग्रंथालयातले एक पुस्तक माझ्या नावावर दाखवले गेले. मी ते नेलेच नव्हते. खुलासा इंग्रजीत देण्याची मला हौस आली. शब्दकोश चाळून मी मोठ्या ऐटीत लिहिले, ‘आय अ‍ॅम कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट.’ इंग्रजीचे सर म्हणाले, “अरे, तू तर स्वतःच स्वतःला दोषी ठरवून मोकळा झालास!” ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवणे. मला सांगायचे होते, आरोप आला आहे. तेव्हापासून या शब्दांच्या जोड्या मी वहीत टिपू लागलो.

मराठीत चोरीचा आळ येतो, चोरीचा आरोप होतो, चोरीचा ठपका बसतो. एका ‘चा’वर आपले भागते. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाचा जोडीदार ठरलेला. ‘अक्यूज’पुढे ‘ऑफ’, ‘चार्ज’पुढे ‘विथ’, ‘ब्लेम’पुढे ‘फॉर’. आपण ‘माझ्यावर’ म्हणतो म्हणून ‘अक्यूज्ड ऑन मी’ लिहू नये. ‘दे अक्यूज्ड मी ऑफ थेफ्ट’ हे शुद्ध. नाम वापरले तर ‘अगेन्स्ट’ येते : ‘अ‍ॅन अ‍ॅलिगेशन अगेन्स्ट मी’.

हा क्रम लोकमान्य टिळकांच्या खटल्यावरून चांगला ध्यानात राहतो. १९०८ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला, म्हणजे ‘चार्ज्ड विथ सिडिशन’. त्यांनी तो नाकारला, ‘डिनाइड द चार्ज’. ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवल्यावर ‘कन्व्हिक्टेड ऑफ सिडिशन’. आणि ६ वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ‘सेन्टेन्स्ड टू’. पहिल्या पायरीवरच्या माणसाला तिसऱ्या पायरीवरचा शब्द लावणे ही नुसती व्याकरणाची चूक नव्हे, अन्याय आहे.

आणखी एक फसगत ‘नाकारणे’ या शब्दाची. चहा नाकारला तर ‘रिफ्यूज’, आरोप नाकारला तर ‘डिनाय’. आरोप मागे घेणे म्हणजे ‘ड्रॉप द चार्जेस’.

माझा दुसरा खुलासा एकाच वाक्याचा होता : ‘आय डिनाय द चार्ज.’ चार दिवसांनी ते पुस्तक भलत्याच कपाटात सापडले. त्या संध्याकाळी वहीत मी नवी जोडी लिहिली, ‘क्लिअर्ड ऑफ द चार्ज’. विद्यार्थिमित्रहो, ती मात्र मला पाठ करावी लागली नाही.