पट्टी हलवताना, लय ताणताना

भाचीबाई, परवा तू विचारलंस की गाण्याची पट्टी खाली आणायची पण लय तीच ठेवायची, तर काय काय सांभाळायचं. आमच्या टेपच्या काळात हा प्रश्नच नव्हता. सेकंदाला १५ इंचांनी भरलेली टेप साडेसातवर वाजवली की गाणं दुप्पट लांबायचं आणि सूर अख्खं सप्तक उतरायचा. एकाला धरलं की दुसरा यायचाच. आता संगणक दोघांना वेगळं करतो, पण त्याची किंमत आवाजाकडून वसूल करतो. म्हणून हे लिहून ठेव.

१. मूळ फाइलला हात लावू नकोस, प्रतीवर काम कर — ताणलेला आवाज पुन्हा आकसला तरी पहिल्यासारखा होत नाही.

२. बटण दाबण्याआधी त्याचं नाव वाच. ऑडॅसिटीत टेम्पो, पिच आणि स्पीड हे तीन वेगळे पर्याय आहेत — पहिल्याने फक्त लय बदलते, दुसऱ्याने फक्त सूर, तिसऱ्याने दोन्ही.

३. गाणं मंदही वाटतंय आणि उतरलेलंही, तर आधी सॅम्पल रेट बघ — ४८ हजारांची फाइल ४४.१ हजारांची म्हणून वाजली की लय आठ टक्के मंदावते आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन खाली येतो. अशाच एका फाइलचा सूर मी रात्रभर दुरुस्त करत बसलो होतो, बदलायचा होता फक्त एक आकडा.

४. पट्टी सेमीटोनमध्ये मोज, अंदाजाने सरकवू नकोस — काळी पाचवरून काळी चार म्हणजे बरोबर दोन. जुनं ध्वनिमुद्रण मात्र पेटीच्या पट्टीत नेमकं बसेलच असं नाही. तिथे आधी षड्ज शोधायचा, मग उरलेले सेंट. एका सेमीटोनमध्ये १०० सेंट असतात.

५. गळा हलवताना फॉर्मंट जपणारा पर्याय चालू ठेव — सूर बदलला तरी माणसाच्या तोंडाची पोकळी तेवढीच राहते. तिचा ठसाही सुराबरोबर वर सरकला, तर चाळिशीची बाई बाहुलीसारखी गाऊ लागते.

६. तबला वेगळ्या ट्रॅकवर मागून घे. संगणक आवाजाचे बारीक तुकडे करतो आणि एकमेकांवर थोडे चढवून पुन्हा मांडतो. तानपुऱ्याला ते चालतं, पण किनारीवरच्या 'ना'ची सुरुवात डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन जाते — तिथे तुकडा दोनदा आला की एका बोलाचे दोन ऐकू येतात, आणि ठोका पसरला की धार जाते. एबलटन लाइव्हमध्ये तबल्याला 'बीट्स', एकट्या गळ्याला 'टोन्स' आणि सगळं एकत्र असेल तर 'कॉम्प्लेक्स प्रो' लावून बघ.

७. लय ताणलीस की आंदोलनही ताणलं जातं, हे विसरू नकोस. दरबारीचा गंधार २० टक्के लांबवलास तर त्याचा झोका तितकाच संथ होतो, मींडही रेंगाळते — सूर जागेवर असतात, पण गाणाऱ्याचा श्वास त्याचा राहत नाही. यंत्राने काही चूक केलेली नसते, म्हणून ही खोट पडद्यावर दिसत नाही, कानालाच कळते. मी तरी गळा पाच-सात टक्क्यांपलीकडे नेत नाही. त्याहून जास्त हवं तर गायकाला पुन्हा बोलाव. लाटी लहान आणि पोळी मोठी, तर भोक ठरलेलं.

८. घुमारा शेवटी दे — आधी दिलास तर त्याची शेपटीही ताणली जाते आणि खोली हलल्यासारखी वाटते.

९. डावा-उजवा चॅनल एकत्रच ताण — वेगवेगळे ताणलेस तर मधोमध बसलेला गायक इकडेतिकडे सरकतो.

१०. दोन टक्के, मग तीन, मग परत एक असं करू नकोस. आकडा ठरव आणि मूळ प्रतीवरून एकदाच बदल — धुतलेलं पातळ दर धुण्याला विरतं.

११. रियाजासाठी तान अर्ध्या वेगाने ऐकायची असेल तर खुशाल ऐक, तिथे खरखर चालते. फक्त उठण्याआधी एकदा मूळ वेगात ऐक — नाहीतर मंद चालच गळ्यात बसते.

काम झालं की मूळ आणि बदललेली, दोन्ही फाइली पाठव. कुठली कुठली ते सांगू नकोस, मी डोळे मिटून ऐकतो.