अहवालाची वाट पाहणाऱ्या भाच्यास



तुझे पत्र काल पावले. परळच्या टाटा रुग्णालयात अक्काच्या मानेतील गाठीचा तुकडा काढून आठवडा होत आला तरी अहवाल हाती पडत नाही, आणि ज्या अर्थी विलंब होत आहे त्या अर्थी निकाल वाईटच असला पाहिजे, असे जे तू मनाशी कायम करून बसला आहेस, त्याला आधार काय, हे मला प्रथम विचारावेसे वाटते.

तो तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो. मग मद्यार्काने त्यातील पाणी काढून त्याला मेणाच्या ठोकळ्यात बसवितात, त्या ठोकळ्याचे मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्याइतके पातळ काप घेतात, आणि पेशींची केंद्रे निळीजांभळी व भोवतालचा भाग गुलाबी दिसावा असे दोन रंग त्यांवर चढवितात, तेव्हा कोठे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे काही सिद्ध होते. गाठ साधी असो, क्षयाची असो की कर्करोगाची, एवढा व्याप कोणालाच चुकत नाही. आणि तेवढ्याने तज्ज्ञाची खात्री पटली नाही, तर त्याच ठोकळ्याचे नवे काप काढून निराळ्या चाचण्या कराव्या लागतात, त्यात आणखी काही दिवस मोडतात. हे रुग्णालय १९४१ साली उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. त्या परंपरेतील माणूस शंका असताना सही करीत नाही, ही आपल्या दृष्टीने चिंतेची नव्हे, भरवशाची गोष्ट आहे. तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाच्या आवाजावरून अथवा परिचारिकेच्या चेहऱ्यावरून निदान वाचू नकोस. त्यांच्यापाशी ते नसते.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तुम्ही उतरलात, हे उत्तम झाले. कोणता कागद कोणत्या खोलीत दाखवावा, हे तेथील जुन्या मंडळींइतके नेमके कोणी सांगणार नाही. मात्र त्यांच्या रोगाच्या हकीकती अक्काला लागू करू नकोस.

आता खरे सांगायचे ते अक्काविषयी. परवा तिचा फोन आला होता. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली की नाही, एवढे तिने विचारले तर तू म्हणे ‘आता तो विषय नको’ म्हणून उठून गेलास, आणि तेव्हापासून तिच्यादेखत फोनही घेत नाहीस. बाळ, भाऊजींच्या पश्चात जिने तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत स्वतः खेटे घातले, तिला तू हुकूम यायच्या आधीच कारभारातून बाद केलेस! वाट तीही पाहते आहे, तुझ्याहून अधिक. तुझा चेहरा ती दिवसभर वाचते आहे. फेरफार अर्जाचे जे झाले असेल ते तिला आजच सांग, आणि ती रागावली तर रागावू दे.

अहवाल मिळेल त्या दिवशी तिची इच्छा असल्यास तिला बरोबर घेऊनच डॉक्टरांच्या खोलीत जा. बाहेर बोलावून मला एकट्याला सांगा, अशी गळ त्यांना घालू नकोस. रोग नेमका कोणता, आणखी कोणत्या तपासण्या हव्यात, उपचार कोणता व केव्हा सुरू व्हायचा, हे प्रश्न आदल्या रात्रीच लिहून ठेव, कारण त्या खोलीत ऐन वेळी काही सुचत नाही; उत्तरेही तेथेच टिपून घे. नातलगांना खबर देण्याचे काम माझ्याकडे राहू दे. मी बुधवारच्या पहाटेच्या गाडीने निघतो. अक्काचा जुना औषधांचा कागद कपाटात सापडला आहे, तो बरोबर आणतो.

तुझा,
मामा