चाक मोकळे फिरले पाहिजे

आपल्या रत्नागिरीत लोखंड लवकर गंजते, हे कोणाला सांगायला नको. खिडकीचे गज पाहा, विहिरीवरची कप्पी पाहा. समुद्राचा खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस. त्यात जांभ्याची तांबडी माती. या तिन्ही गोष्टी आपल्या मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये जाऊन बसतात.

मिरकरवाडा बंदरातून मासळीच्या पेट्या गाडीवर बांधून लोक गावोगाव विकायला नेतात. पेटीतले बर्फाचे खारट पाणी मागच्या चाकावर टपकत राहते. अशा गाडीचा मागचा ब्रेक पुढच्याच्या आधी खराब होतो.

ब्रेक बिघडला म्हणजे तो लागत नाही, असे आपण समजतो. पण आपल्याकडे तो पुष्कळ वेळा लागतो आणि सुटतच नाही. गाडी ओढल्यासारखी चालते. पेट्रोल जास्त जाते. थांबल्यावर चाकाजवळ हात नेला तर धग लागते. (हात जवळ न्यावा, चकतीला लावू नये. भाजेल.) गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाक हाताने फिरवा. अर्ध्या फेरीतच अडखळून थांबले, तर ब्रेक धरून राहिला आहे असे समजा. पुढच्या चाकासाठी इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा घालून चाक उचलावे.

हा धडा डिस्क ब्रेकचा आहे. ज्या चाकाला भोके पाडलेली लोखंडी चकती असते, तो डिस्क ब्रेक. ज्याला बंद डबा असतो तो ड्रम ब्रेक. त्याचे काम निराळे.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते पाहू. फिरती थाळी दोन बोटांच्या चिमटीत धरली तर ती थांबते. येथे थाळी म्हणजे चकती, आणि चिमटी म्हणजे कॅलिपर. कॅलिपर हा बहुधा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. त्याच्या पोटात एक गोल भोक असते आणि त्या भोकात पेल्यासारखा पिस्टन बसतो. पिस्टन पुढे सरकला की तो पॅडला दाबतो, आणि पॅड चकतीला धरतो.

पिस्टनला ढकलते कोण? ब्रेक ऑइल. आपण लिव्हर दाबतो तेव्हा वरच्या लहान पिस्टनचा दाब नळीतल्या ऑइलवर पडतो. कोंडलेल्या पातळ पदार्थावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. फ्रान्स देशातील ब्लेझ पास्कल या विद्वानाने सतराव्या शतकात हा नियम मांडला. समजा, वरच्या पिस्टनचे तोंड १ चौरस सेंटिमीटर आहे आणि खालच्याचे ६. वर १० किलोचा जोर दिला तर खाली ६० किलोचा मिळतो. म्हणून चार बोटांच्या जोराने भरधाव गाडी थांबते.

आता लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो? आत स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एका खाचेत रबराची चौकोनी कडेची रिंग असते. तिला सील म्हणतात. आपल्या हातावर बोट घट्ट टेकवा आणि कातडी थोडी पुढे ढकला. बोट सैल सोडले की कातडी आपली मागे येते. सील अगदी हेच करते. पिस्टन पुढे जाताना ती थोडी वाकते, दाब सुटला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढ्याने चाक मोकळे होते. पॅड झिजला की पिस्टनला जास्त पुढे जावे लागते. तेव्हा बोट कातडीवरून घसरावे तसा पिस्टन सीलमधून थोडा घसरतो आणि नव्या जागी बसतो.

आपल्या भागात बिघडते ते याच खाचेत. खारट ओल आत शिरली की ॲल्युमिनियमवर पांढरी बुकटी धरते. ती सीलच्या मागे साचते. मग सील फुगल्यासारखी पुढे येते आणि पिस्टनला आवळून धरते. बाहेरून कितीही पाणी मारा, त्या बुकटीला काही होत नाही. कॅलिपर उघडायचा तो ही खाच साफ करण्यासाठी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिच्यामुळे होते. आपल्याकडे गाडीचा कोणताही भाग सोडवला की तो पेट्रोलने, डिझेलने नाही तर रॉकेलने धुण्याची रीत आहे. इंजिनाच्या लोखंडाला ते ठीक. ब्रेकच्या सीलला नाही. हे रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असते. खनिज तेल लागले की ते फुगते आणि मऊ पडते. आज ब्रेक छान वाटतो. काही दिवसांनी तो धरून बसतो किंवा गळू लागतो. साधे ग्रीस आणि इंजिन ऑइल हेही सीलला वर्ज्य. सीलला लागायचे ते ताजे ब्रेक ऑइल आणि किटमध्ये मिळते ते रबराचे ग्रीस, बाकी काही नाही.

एखादा विचारील, "गुरुजी, आमचा मिस्त्री तर पेट्रोलनेच धुतो." धुवू दे. पण सील काढून धुवावे, भाग पुरता कोरडा करावा आणि मग नवी सील घालावी. जुनी सील तशीच ठेवून धुतली, तर चूकच.

बाजारातून आणायचे सामान थोडेच आहे. आपल्या गाडीच्या मॉडेलचे सील किट, पॅड झिजले असतील तर नवे पॅड, तांब्याचे दोन वॉशर, ब्रेक साफ करण्याचा फवारा आणि ब्रेक ऑइलची लहान सीलबंद बाटली. दुकानदाराला गाडीचे मॉडेल आणि साल सांगा. "चालेल, बसेल" म्हणून दुसऱ्या गाडीचे किट देऊ लागला तर घेऊ नका.

ऑइल कोणते, हे हँडलजवळच्या छोट्या टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. इंग्रजी अक्षरांत "डॉट" आणि पुढे आकडा. आपल्या बहुतेक गाड्यांना ३ किंवा ४ लागते. येथे नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाने जपावे. इंग्रजी चाराचा आकडा आपल्याला पाचासारखा वाटतो, आणि आपला चार इंग्रजी आठासारखा दिसतो. डॉट ५ हे निराळ्या जातीचे, सिलिकॉनचे ऑइल आहे. ते ३ किंवा ४ मध्ये मिसळायचे नसते. शंका वाटली तर इंग्रजी आकडे येणाऱ्या शाळकरी मुलाला हाक मारा. त्यात लाज कसली?

बाटली सीलबंदच का? पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना, तसे हे ऑइलही हवेतली ओल ओढून घेते. ताजे डॉट ४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरले की ही हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. आंबा घाट उतरून साखरप्याकडे येताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर कॅलिपर फार तापतो. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे देत नाही. लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून वर्ष-दीड वर्ष फडताळात उघडी पडलेली बाटली वापरू नका. घाटात खालचा गिअर टाका, हेही आलेच.

आता कामाला बसू. हे काम आगोटीला, म्हणजे मिरगाच्या आधी केलेले बरे. उजेडाची पडवी आणि स्वच्छ पत्र्याचे ताट हवे. वाळूचा एक कण सीलखाली राहिला तरी तेथून ऑइल गळते.

कॅलिपर गाडीवर पक्का आहे तोवरच पॅडची पिन आणि नळीचा बोल्ट थोडे सैल करून पुन्हा हलके आवळा. नंतर ते सुटत नाहीत. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो चकतीवरून उतरवा. नळी लागलेलीच राहू द्या. पॅड काढा. पॅडच्या काळ्या धुळीवर तोंडाने फुंकर मारू नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

खाली ताट ठेवा आणि लिव्हर हळूहळू दाबत राहा. ऑइलच पिस्टनला बाहेर आणते. टाकीत ऑइल कमी होऊ देऊ नका. दोन पिस्टन असतील तर लवकर निघणाऱ्याला लाकडाच्या तुकड्याने अडवा, म्हणजे दुसराही सरकतो. पिस्टनसमोर बोट कधीही धरू नका. पंक्चरवाल्याच्या हवेने पिस्टन उडवणारे लोक आहेत. तो बंदुकीच्या गोळीसारखा येतो. घरी तो उद्योग नको. पिस्टन हलतच नसेल तर कॅलिपर मिस्त्रीकडे न्या. पिस्टन निघाल्यावर नळी सोडवून तिच्या तोंडाला प्लास्टिक बांधा.

ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उठतो. लगेच पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठा.

पिस्टन हातात घेऊन नख फिरवा. नख अडकेल असे खड्डे किंवा गंज असला तर पिस्टन बदला. घासून गुळगुळीत केलेला पिस्टन पुन्हा गंजतो आणि नवी सील कापतो. नुसते डाग असतील तर पुसून चालतो.

आत साधारणपणे दोन रबरे असतात. आतली ऑइल अडवणारी सील आणि बाहेरची धूळ अडवणारी. ती काढायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका. खाचेला ओरखडा पडला की कॅलिपर कायमचा गळतो. बांबूची कामटी टोकदार करा आणि तिने उचका. आता पांढरी बुकटी दिसेल. फवारा मारा, कामटीने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने खाचेचा कोपरान् कोपरा उकरा. पॉलिश पेपर भोकात घालू नका. या एका जागी अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. फडक्याचा धागा आत राहिला नाही ना, ते उजेडात धरून पाहा.

नवी सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवा. ती कोठे पिळलेली नाही, हे बोट फिरवून पाहा. पिस्टनलाही ऑइल लावा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबा. तो गुळगुळीत आत गेला पाहिजे. हातोडीची आठवण झाली, तर काही तरी चुकले आहे असे समजा आणि पुन्हा काढा.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर इकडून तिकडे सरकतो, त्यांनाही गंज धरतो. त्या पुसून त्यांना रबराचे ग्रीस लावा. त्यांची रबरी टोपणे फाटली असतील तर बदला. या पिना अडकल्या की एकच पॅड झिजतो. तुमचा एक पॅड जाड आणि दुसरा पातळ निघाला असेल, तर कारण येथे सापडले. चकतीवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. चकती त्याहून पातळ झाली असेल तर नवीच घाला.

सगळे परत जोडा. नळीच्या बोल्टाला नवे तांब्याचे वॉशर घाला. पॅडला आणि चकतीला ग्रीसचा हातही लागू देऊ नका.

राहिली नळीतली हवा. याला दोन माणसे हवीत. एकाने लिव्हरवर बसावे, दुसऱ्याने पान्हा धरावा. कॅलिपरवर एक छोटे निपल असते. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. "दाब" म्हटले की पहिल्याने लिव्हर दाबून तसाच धरावा. दुसऱ्याने निपल थोडे उघडावे; बुडबुडे येतील. निपल बंद करावे. मगच "सोड" म्हणावे. निपल उघडे असताना लिव्हर सुटला तर हवा परत आत जाते आणि सगळे पहिल्यापासून. बुडबुडे थांबेपर्यंत करत राहा आणि टाकी भरत राहा. नवराबायकोने मिळून केले तर अर्ध्या तासात होते. भांडण झाले तर जास्त वेळ लागतो.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाडीच्या एबीएसच्या पेटीत हवा शिरली, तर ती घरी निघेलच असे नाही. तुमच्या गाडीला एबीएस असेल तर हवा काढण्याचे काम कारखान्यात सोपवा.

लिव्हर आता दगडासारखा घट्ट लागला पाहिजे. स्पंजासारखा दबत असेल तर हवा आहे. तो जोरात दाबून एक मिनिट धरा. हळूहळू खाली गेला किंवा कोठे ओल दिसली तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मग लिव्हर सोडा आणि चाक फिरवा. मोकळे फिरले पाहिजे.

पहिली चाचणी वाडीतल्या सपाट रस्त्यावर, माणसाच्या चालीने करा. नवे पॅड असतील तर पहिले शे-दोनशे किलोमीटर गाडी जपून हाका. पॅड चकतीवर बसायला तेवढे लागते. घाट त्यानंतर.

काढलेले ऑइल विहिरीजवळ किंवा वहाळात ओतू नका. बाटलीत भरून वर "विष" असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि गॅरेजवाल्याकडे द्या. सरबताच्या बाटलीत ते कधीही ठेवू नका.

शेवटी वही घ्या. आजची तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि "ब्रेक ऑइल बदलले" एवढे लिहा. त्याखाली दोन वर्षांनंतरची तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी ऑइल पुन्हा बदलायचे आहे.